पिन धरणारा

आता मी जे सांगणार ते ऐकून तुम्ही म्हणणार, काका, पुड्या सोडता. म्हणा. घाटंजीत माझ्या एकाही गोष्टीवर आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही, तो आज ठेवतील अशी आशाही नाही. पण ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. ज्यांना ती आधीच ठाऊक आहे त्यांनी मधे तोंड घालायचं नाही, एवढी एकच अट.

तर, कापसाला भाव नव्हता ती सालं. घराघरांत कापूस आढ्याला टेकलेला, आणि तो विकल्याशिवाय मांडव पडत नव्हते. मोनालीचं लग्न असंच दोनदा पुढं गेलं आणि तिसऱ्यांदा लागलं. तिचा मोठा भाऊ रोशन जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. केसांत कापूस, कानांत कापूस, भुवयांत कापूस. वाऱ्यात उभा राहिला तर पोरगा उडून जाईल असं वाटायचं. एकदा घाटंजीहून केळापूरपर्यंत उडालाही होता, पण ती गोष्ट वेगळी.

त्या दिवशी भरदुपारी हा तसाच, अंग न झाडता, भगवानरावांच्या फोटो स्टुडिओत शिरला.

टेबलामागं एक मुलगी लॅपटॉपवर वाकून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"फोटो काढाचा का, भाऊ? मंग कापूस झाडून या. पडदा पांढराच हाय, तुम्ही दिसान नाही त्याच्यात."

"फोटो नाही काढाचा, ताई. मी रोशन. सीडी पाह्यजे. मोनालीच्या लग्नाची. दीड महिना झाला, भगवानराव उद्या-उद्या करून राह्यले. आज पाचच्या गाडीनं ती परत सासरी चालली, भिलाईले. मंग कवा येईन, काही भरोसा नाही."

आता मुलीनं मान वर केली. आणि रोशन सीडी विसरला... क्षणभरच, पण विसरला. कपाळावर घामानं चिकटलेली एक बट, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांत अशी जिद्द, की समोर रानडुक्कर आलं असतं तर त्यानंच वाट बदलली असती.

"फिल्म आज निघन," ती म्हणाली. "मी बबिता. मी बोलली ना, निघन म्हणजे निघन."

"मंग द्या."

"लॅपटॉपच चालू राहत नाही, तं कुठून देऊ?"

घोळ चार्जरचा होता. असली चार्जरची वायर उंदरानं खाल्ली. भगवानरावांनी पांढरकवड्याहून स्वस्तात दुसरा आणला, तो दुसऱ्याच लॅपटॉपचा. सासऱ्याचे जोडे जावयानं घालावेत तशी त्याची पिन त्या भोकात लटलट हलायची. फट केवढी? एक मुंगी सकाळी आत गेली तर संध्याकाळी लेकराबाळांसह बाहेर यायची, एवढी. बॅटरी कधीचीच मेलेली. पिन जरा सरकली की लॅपटॉप विझला, आणि फिल्म परत पहिल्यापासून. सकाळपासून तीनदा विझला होता. लोडशेडिंगमुळं लाइन पाच वाजता जाणार होती.

आणि भगवानराव यवतमाळला जाताना बजावून गेले होते, आज ही फिल्म निघाली नाही तर उद्यापासून येऊ नको, वेचणीले जाय. बबिता तांड्यावरची, देवसिंगची मुलगी. घरातल्या सगळ्या बायका पहाटेच कापूस वेचायला निघत. ती एकटी या खुर्चीवर येऊन बसली होती, आणि खुर्ची सोडायचा तिचा विचार नव्हता.

"एका हातानं पिन धरतो, एका हातानं काम करतो. दोन्ही जमत नाही," ती म्हणाली. मग तिनं रोशनकडं नीट बघितलं, बाजारात बैल बघतात तसं. "तुम्हाले काही काम हाय का आता?"

"सुट्टी टाकून आलो."

"मंग बसा खाली अन् धरा."

"मी?"

"सीडी कोनाले पाह्यजे? धरा. थोडी तिरपी... वर नाही, वर नाही... हां. तिथंच. आता हलाचं नाही, भाऊ."

हलायचं नाही हे सांगताना तिची बोटं त्याच्या बोटांवर होती. तिनं ती काढून घेतली. रोशन टेबलाशी उकिडवा बसला आणि श्वाससुद्धा बेतानं घेऊ लागला. लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवी पट्टी भरायला लागली, गोगलगायीनं पायी यात्रेला निघावं अशी.

"हे घड्याळ..." बबिता एकदम म्हणाली.

"काय झालं घड्याळाले?"

"निळा पट्टा, काच फुटलेली. अन् कोपरावर जुनी खूण." ती हसायला लागली. "हा हात मी ओळखतो. दीड महिन्यापासून पाहून राह्यली. अख्ख्या लग्नात एका कोपऱ्यात हाच हात. माणूस कुठंच नाही."

रोशन ओशाळला. "तुमच्या कॅमेरावाल्यानं केलं ते. लाइटचा प्लग बोर्डात बसत नव्हता. मले म्हणे, दोन मिनिटं धर. त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार झाले, जेवणाच्या पंगती झाल्या... मी धरूनच. मोनाली आता म्हणते, दादा, माह्या लग्नात तू होता का बे?"

"म्हणजे तुमचा धंदाच हा हाय. जे बसत नाही, ते धरून ठेवाचं."

"लोकच देते हातात, ताई. मी काय करू?"

"सोडून द्याचं."

"सोडलं होतं एकदा," तो हळूच म्हणाला.

बबिताला ते ठाऊक होतं. फिल्ममध्ये मोनाली जीपमध्ये बसायच्या वेळी एकाएकी अंधार व्हायचा. काही दिसायचं नाही. नुसता एक आवाज यायचा, 'मोने, थांब.' आणि मग कोणीतरी धावल्याचा.

"भगवानराव म्हणे, थो अंधार कापून टाक," ती म्हणाली. "मी नाही कापला."

"काहून?"

"त्याच्यातच तं तुम्ही हाय."

बाहेर कुठंतरी फवारणीच्या औषधाची जाहिरात करत रिक्षा गेली. भोंग्यातला माणूस ओरडत होता, यंदा अळीचा नायनाट. रोशननं पिनकडं बघितलं, पट्टीकडं बघितलं, मग जिथं बघायचं होतं तिथं बघितलं. ती बघतच होती. दोघांनी एकदम नजर वळवली, आणि त्या धक्क्यानं—खरं सांगतो—लॅपटॉप विझला.

चौथ्यांदा.

रोशनचा चेहरा पांढरा पडला. तो आधीच पांढरा होता म्हणून कळलं नाही, एवढंच. "ताई... माह्यानं हलली."

दुसरी कोणी असती तर रडली असती. बबितानं बट कानामागं सारली. "लाइन पाच पावतर हाय ना? मंग पुन्हा. तुम्ही धरा."

"मी पुन्हा हलवली तं?"

"मंग पुन्हा पुन्हा."

ती वाकली. अगदी जवळ. तिच्या बांगड्या किणकिणल्या. रोशनच्या भुवईत अडकलेला कापसाचा पुंजका तिनं दोन बोटांनी अलगद ओढला, आणि तो बोटांत वळत राहिली... देवापुढच्या वातीसारखी बारीक वात. मग लॅपटॉपमागं डोकं घालून पिनपाशी काहीतरी खुडबुड केली आणि बटण दाबलं.

"काय करून राह्यल्या?"

"काही नाही. पाहून राह्यली, बरोबर धरली का. धरा आता. सोडाची नाही हं, रोशन."

भाऊ कुठं गेला? आत्तापर्यंत प्रत्येक वाक्याच्या शेवटी शेपटीसारखा असलेला तो 'भाऊ' एकाएकी गळून पडला होता. रोशननं टेबलाखाली शोधला असता, पण हात गुंतलेला.

"नाही सोडत," तो म्हणाला. थोडा थांबला. जीभ 'ता'पर्यंत गेली आणि परत आली. "नाही सोडत... बबिता."

त्यानंतर तो पोरगा जो थिजला, तो थिजला. पाय बधीर झाले, हलला नाही. नाकावर माशी बसली, हलला नाही. कुठलीशी चिमणी येऊन त्याच्या केसांतला कापूस घरट्यासाठी घेऊन गेली, चार खेपा केल्या, तरी हलला नाही. आणि बबिता त्याला लग्नाच्या गोष्टी सांगत राहिली. कोणत्या मामीनं पेढे पदरात बांधले, नवरदेवाचा मित्र कोणाकडं बघून केस विंचरत होता, कोणत्या बाबाला पंगतीतच डुलकी लागली. रोशनला आपल्याच बहिणीचं लग्न त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पट्टी भरली. सीडी निघाली. पाचाला थोडा वेळ होता.

"थांब," बबिता म्हणाली. "आधी मी लॅपटॉप बंद करतो. मंग सोड."

तिनं बंद केला, मग त्यानं सोडली. बोटं आखडून पक्ष्याच्या चोचीसारखी झाली होती. सीडी घेऊन तो दारापर्यंत गेला, परत आला.

"उद्या काय हाय?"

"उद्या झरीकडच्या एका लग्नाची फिल्म हाय. मोठी हाय."

"अन् पिन?"

"पिनचं तसंच हाय," बबिता खाली बघून म्हणाली. "कोनी धरली पाह्यजे."

तो धावत सुटला. स्टँडवर गाडी हलली होती, खिडकीतून मोनालीच्या हातात सीडी पडली. तिनं ती भिलाईत जाऊन लावली आणि त्या अंधारापाशी आल्यावर सासूला मिठी मारून रडली, पण ते तिनं सांगावं.

भगवानरावांनी बबिताला ठेवून घेतलं. रोशन रोज जिनिंगची पाळी सुटली की यायचा, टेबलाशी उकिडवा बसायचा आणि पिन धरायचा. लग्नामागून लग्नं निघाली. भगवानराव दुसरा चार्जर आणतो म्हणाले तर बबिताच म्हणे, राहू द्या, चालते. आणि इथंच चमत्कार आहे, मंडळी. ती पिन एवढी सैल होती, की अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाच्या हातानं लॅपटॉप पेटतच नव्हता. फौजदारानं धरून बघितली, नाही. मास्तरांनी धरली, नाही. रोशननं हात लावला की लख्ख. शेवटी तांड्यावरच्या पंचांनी आणि इकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून विचार केला, की बाबा, या पोरीचं पोट या पोराच्या हातावर आहे, आता यांना वेगळं करून चालायचं नाही—

"काका, हे खोटं हाय."

चहाचे कप घेऊन दारात बबिता उभी होती. तिच्या मागं, लेकराला कडेवर घेऊन, रोशन.

"कोनतं खोटं?" मी विचारलं.

"पिन सैल होती, हे. याच्या भुवईतला कापूस लावला ना, तवाच थे घट्ट बसली होती. पहिल्याच दिवशी."

रोशननं लेकरू एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "मंग मले अख्खा हंगाम कायले धरून बसवलं?"

"तू एकदा तरी सोडून पाह्यली का?"