दोन मात्रांवरून भांडण

वारंगा फाट्यावर कुरुंद्याची जीप भरायची वाट बघत उभ्या असलेल्या आकांक्षाला एकदम स्वतःचाच आवाज ऐकू आला.

आधी तिला भास वाटला. कळमनुरीच्या शाळेत दिवसभर लेकरांना सारेगम शिकवून संध्याकाळपर्यंत तिचे कान भणभणलेले असायचे. पण नाही... ट्रकांच्या हॉर्नमधून, भज्यांच्या कढईच्या चरचरीतून तो स्पष्ट येत होता. राग मधुवंती. तिचाच आलाप, तिचीच बंदिश. आणि खाली — खाली धडाड धडाड वाजणारा कसला तरी ठोका!

ती आवाजाच्या मागावर निघाली. टायरच्या दुकानाला लागून एक अरुंद गाळा होता. 'मोबाईल दुरुस्ती, रेकॉर्डिंग, साउंड सर्व्हिस' अशी पाटी. आत लॅपटॉपसमोर एक तरुण डोळे मिटून मान डोलवत बसला होता.

"बंद करा ते!"

त्याने डोळे उघडले, तिला पाहिलं आणि उठता उठता हातातला चहा शर्टावर सांडून घेतला.

"तुमी... तुमीच न त्या? सव्वीस जानेवारीला शाळेत गायल्या त्या? मी रविंद्र. साउंड माझाच होता त्या दिवशी."

"साउंड तुमचा होता, आवाज माझा होता. कुणाला विचारून रेकॉर्ड केलात?"

त्याने शर्टावरचा चहा झटकला. मग म्हणाला, "कुणालाच न्हाई. चुकलं माझं."

आकांक्षा भांडायच्या पूर्ण तयारीने आली होती. समोरचा इतक्या लवकर कबूल होईल हे तिने धरलंच नव्हतं. आता काय बोलावं? पण राग तर अजून शिल्लक होता.

"आणि हे काय करून ठेवलंय? ही बंदिश झपतालात आहे. दहा मात्रांची. तुमच्या ठोक्यात आठच आहेत. माझ्या दोन मात्रा कुठे गेल्या?"

"कापल्या," तो हळूच म्हणाला. "बसत नव्हत्या."

"बसत नव्हत्या म्हणून कापल्या? अंगठीत बसत नाहीत म्हणून कुणाची बोटं कापाल का?"

"अंगठीत एकच बोट घालतात, मॅडम."

तिला हसू आलं, आणि ते दिसू नये म्हणून तिने कपाळाला आणखी आठ्या घातल्या. रविंद्रने मात्र लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि तिच्या डोळ्यांदेखत ते सगळं पुसून टाकलं.

"घ्या. आता कुठंच न्हाई." मग ती वळल्यावर मागून आवाज आला, "मॅडम... दहा मोजायच्या कशा?"

जीपवाला हॉर्न वाजवत होता. "दोन, तीन, दोन, तीन!" असं म्हणत ती पळत सुटली.

जीपमध्ये पाचजणींच्या सीटवर सहावी होऊन बसल्यावर तिच्या लक्षात आलं — तो ठोका अजून डोक्यात वाजत होता. चुकीचा होता, तरी वाजत होता.

तिला एक जुनं दुखणं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. वसमतच्या सादिक सरांकडे ती बारा वर्षं गाणं शिकत होती. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. पण गळा असा की त्यांनी षड्ज लावला तर गल्लीतल्या बाया हातातलं काम थांबवत. मागच्या वर्षी परभणीच्या स्पर्धेत आकांक्षा गायली तेव्हा परीक्षक कौतुकाने म्हणाले, "डोळे मिटले की थेट सादिक सरच गातायत असं वाटतं." टाळ्या पडल्या. सगळे खूश. ती मात्र घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. मग मी कुठे आहे?... आणि आज त्या चहा-सांडलेल्या गाळ्यात, भलत्याच ठोक्यावर, तिला पहिल्यांदाच तिचा आवाज वेगळा ऐकू आला होता.

चौथ्या दिवशी तिचे पाय आपोआप गाळ्याकडे वळले.

"फोनची काच बसवायची होती."

रविंद्रने फोन उलटसुलट करून पाहिला. "काच तर चांगली हाय."

"मग... स्पीकर बघा."

तो हसला नाही, पण त्याचे डोळे हसले. त्याने फोन बाजूला ठेवला आणि टेबलावर बोटं वाजवायला सुरुवात केली. दोन, तीन, दोन... आणि अडखळला.

"चार दिवसांपासून हेच करून राहिलो. सहाव्या मात्रेला चुकतंच."

"सहावी खाली आहे. तिथं टाळी न्हाई वाजवायची. हात असा उघडा सोडायचा." रागात शाळेतली भाषा बोलणारी आकांक्षा राग गेला की घरच्या बोलीवर यायची. तिने टेबलावर टाळी धरली. तो सोबत मोजू लागला. सहाव्या मात्रेला तिने हात उघडा सोडला आणि तो नेमका त्याच्या उघड्या तळव्यावर जाऊन पडला.

दोघांचीही सातवी मात्रा चुकली.

तिने हात मागे घेतला. त्याची नजर तिच्या नखांवर गेली. "हळद लागली काय तुमाला?"

तिचे कान तापले. "शेतातली हाय! घरी हळद शिजवून राहिलेत. कुरुंद्यात सध्या समद्यांचीच नखं पिवळी हायत."

"मग बरं हाय," असं म्हणून तो फोनवर वाकला.

"काय बरं हाय?"

"काच... काच बरी हाय."

त्यानंतर जीप भरायला लागणारा वेळ तिला कमी वाटू लागला. अर्धा तास, कधी पाऊण तास, शाळा सुटल्यावर, उन्हं कलताना. रविंद्र मूळचा सेनगावकडचा. त्याचे वडील मुंजाजी हे गावोगाव फिरणाऱ्या एका गायन पार्टीत पेटी वाजवायचे. लहानपणी तो मंडपाच्या मागे सतरंजीवर पडून गाणी ऐकायचा. रागांची नावं त्याला येत नव्हती, म्हणूनच बहुतेक त्याचे प्रश्न विचित्र असत.

"ह्या सुरावर तुमी लगेच पुढं काहून पळता?" त्याने एकदा विचारलं.

"पळत न्हाई. तो तीव्र मध्यम हाय, तिथं सूर झटकन वळवून मुरकी घ्यायची असते. सर तशीच घेतात."

"बरं," तो म्हणाला. मग त्याने ती जागा लॅपटॉपवर टिपून ठेवली.

या वेळी तिने स्वतः, सांगून-सवरून, आपला आवाज त्याला दिला होता. त्याने आठ दिवस खपून पुऱ्या दहा मात्रांचा ठोका बांधला. जाड, खोल आवाजाची एक गिटार, हलकासा ड्रम, आणि मागे कुठेतरी पेटीचा नुसता श्वास. कानाला हेडफोन लावून ती गाऊ लागली. सहावी मात्रा, ती खाली, आली आणि एकदम सगळं थांबलं. ठोका नाही, गिटार नाही. त्याने ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती.

त्या रिकाम्या जागेत तिचा तीव्र मध्यम एकटाच उभा राहिला. मुरकी गळ्यात आली होती, पण तिने घेतली नाही. नुसती थांबली. सूर तसाच साधा, थोडा हुरहुरता... आणि मग ठोका परत आला आणि तिला अलगद पहिल्या मात्रेवर, समेवर घेऊन गेला.

तिथेच तिने गाणं थांबवलं आणि हेडफोन काढला.

"चुकलं काय?" रविंद्र घाबरून म्हणाला.

"न्हाई," ती म्हणाली. "हे मला कुणी शिकवलेलं न्हाई... एवढंच."

आता खरी भीती सुरू झाली. मार्चअखेर नांदेडला संगीत संमेलन होतं. नव्या गायकांना वीस-वीस मिनिटं. सादिक सरांनी आपला शब्द टाकून तिचं नाव घातलं होतं. पंधरा मिनिटं ख्याल आणि शेवटची पाच मिनिटं हे गायचं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. पण सरांना न सांगता? शक्यच नव्हतं. आणि सांगितल्यावर ते म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस... तर?

"तर पुसून टाकू," रविंद्र म्हणाला. "तुमी म्हणाल तर आत्ता."

"तुमाला वाईट न्हाई वाटणार?"

"वाटंल की. पण बारा वर्षांचं तुमचं अन सरांचं माझ्यापायी बिघडलं, तर त्याहून वाईट वाटंल."

रविवारी दोघं वसमतला गेली. सरांच्या पुढच्या खोलीत तानपुऱ्याशेजारी रविंद्रने लॅपटॉप आणि छोटा स्पीकर मांडला तेव्हा सर चष्मा लावून बसले. मदीनाबी, सरांच्या पत्नी, चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या. आकांक्षा ठोक्याबरोबर गायली. गाताना तिने सरांकडे पाहिलं नाही. पाहण्याची हिंमतच नव्हती.

गाणं संपलं. सर उठले आणि एक शब्द न बोलता आत निघून गेले.

आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी जमलं. रविंद्रने स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली, सोडली, पुन्हा घेतली. मदीनाबी एकदा आत बघत होत्या, एकदा आकांक्षाकडे.

सर बाहेर आले. हातात पाण्याचा पेला होता.

"काहून रडून राहिली, बेटा?"

"सर, तुमी... उठून गेलात..."

"बीपीची गोळी राहिली होती. ही सकाळपासून तीनदा ओरडली." त्यांनी मदीनाबींकडे बोट दाखवलं आणि सावकाश बैठकीवर बसले. "आता सांग. मध्यमावर मुरकी न्हाई घेतलीस. विसरलीस का सोडलीस?"

आकांक्षा सरळ बसली. "सोडली, सर."

"मग बराबर." मग ते रविंद्रकडे वळले. "अन तू, बाबा. तुझ्या मशीनचा षड्ज चढा हाय. थोडासाच, पण कानाला तकलीफ होते. आधी तानपुरा ऐकायचा, मग मशीन मिळवायची. समजलं?"

"व्हय सर," म्हणत रविंद्र तानपुऱ्याकडे सरकला. मदीनाबींनी चहा पुढे केला, तर चहा पार गार झाला होता. त्या पुन्हा गरम करायला गेल्या आणि आत जाऊन मोठ्याने हसल्या. तेव्हा कुठे सगळ्यांनाच हसू फुटलं. आकांक्षा हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि डोळे काही थांबत नव्हते. बारा वर्षांत त्या खोलीत तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

नांदेडला सगळं गोडच झालं असं नाही. शेवटच्या पाच मिनिटांत लॅपटॉप पाहून दुसऱ्या रांगेतले दोघं उठून गेले. पण सहाव्या मात्रेला ठोका थांबला आणि तिचा सूर एकटा उभा राहिला, तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. नंतर एका वयस्कर गायकाने सादिक सरांना गाठलं.

"कुणाची शिकवण ही?"

"माझी," सर म्हणाले. "पण ती थांबली ना, ती जागा माझी न्हाई. तिची हाय."

दुपारी सर नातेवाइकांकडे गेले आणि ही दोघं बसस्थानकात आली. बसला वेळ होता. बाहेरच्या रसवंतीत रविंद्रने दोन ग्लास रस घेतला, तिचा बिनबर्फाचा. रस अर्धा संपला.

"कार्यक्रम झाला," शेवटी तो म्हणाला. "आता फाट्यावर तुमाला काही काम न्हाई राहिलं."

"जीप तिथूनच मिळते."

"हां... जीप हाय म्हणा."

तिने ग्लास खाली ठेवला. "रविंद्र, एक खरं सांगा. तुमाला माझा आवाज आवडतो, का..." पुढचं तिने तसंच सोडलं.

तो ग्लास हातात फिरवत राहिला. "आवाजाची तर मला भीती वाटते. तुमी गायला लागल्या की वाटतं, आपण नुसती वायर धरून उभं राहावं. पण परवा तुमी त्या जीपवाल्याशी भांडल्या... म्हातारीला मागं लटकवून नेऊन राहिला म्हणून. आवाज पार फाटला होता तुमचा. एक सूर जाग्यावर नव्हता." तो हसला. "त्या दिवशी मी तीन मोबाईल उलटे जोडले."

"म्हणजे?"

"म्हणजे... तुमी आवडता मला. गाता तव्हा आवडता. भांडता तव्हा त्याहून जास्त."

आकांक्षाने ग्लास पुन्हा उचलला. "मग आधी काहून न्हाई बोललात?"

"सर न्हाई म्हणाले असते तर? माझ्यामुळं तुमचं गाणं अडलं असतं. मग कोणत्या तोंडानं बोललो असतो?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. किती दिवस दोघं एकाच गोष्टीला भीत होती... आणि आता ती भीती नव्हतीच.

"रविवारी घरी ये," ती म्हणाली.

तो 'ये' त्याच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा उजळला. "लॅपटॉप घेऊन?"

"नको."

"मग काय आणू?"

"काई नको. बाबांना मी सांगून ठेवते. तू नुसता ये."

फाट्यावरून जाणारी हिंगोलीची बस फलाटाला लागली आणि एकच गर्दी उसळली. रविंद्र आधी आत घुसला. आकांक्षा चढली तेव्हा तो खिडकीजवळची जागा सोडून बसला होता, तिथे त्याने लॅपटॉपची बॅग ठेवली होती आणि एका धोतरवाल्या काकांना अजिजीने सांगत होता, "काका, कुणीतरी येऊन राहिलंय."

"मीच ती," आकांक्षा म्हणाली. त्याने बॅग मांडीवर घेतली, आणि ती खिडकीशी जाऊन बसली.