काठोकाठ

शेगडीसाठी गोवऱ्यांची पाटी घेऊन गुलझान घरात आली, तेव्हा चहा तयार होता. बाहेर नारीन नदीच्या खोऱ्यात दुपारपासून बर्फ पडत होतं. सात वर्षांच्या सेझिमनं चहाचा वाडगा तिच्यापुढं सरकवला. काठोकाठ भरलेला.

गुलझानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आल्यागेल्याला वाडगा अर्धाच भरून देतात. म्हणजे बसा, अजून ओतते. काठोकाठ मिळतो तो नकोशाला. हा पी आणि चालता हो.

"नऊ दिवस झाले," ती नवऱ्यावर खेकसली. "रोज मलाच."

"लहान आहे गं," मेलिस म्हणाला. "हात जड आहे तिचा."

काल म्हणाला होता, दुःखात आहे. परवा, दृष्ट लागलीय. पोरीनं काहीही केलं की याच्याकडं कारण तयार. खरं कारण मात्र तोंडातून निघायचं नाही. पहिलं मूल आजीला द्यायची रीत, म्हणून चाळीस दिवसांची सेझिम यानंच आपल्या आईच्या ओटीत घातली होती. पोर आजीला आई म्हणायची आणि पोटच्या आईला वहिनी. नऊ दिवसांपूर्वी म्हातारी वारली, तेव्हा कुठं लेक घरी आली.

"हात जड? मग तो बघा."

समोरच्या मानाच्या जागी लेकीबरोबर आलेली म्हातारीची गादी होती. तिच्यापुढं दुसरा वाडगा. बरोबर अर्धा.

"कुणी शिकवलं गं तुला?"

"आई सांगते, वहिनी."

जिवंतपणी लेक नेली, मेल्यावरही सोडत नाही बया. गुलझाननं किटली उचलली आणि गादीपुढचा वाडगा काठोकाठ भरला. "घ्या. प्या आणि निघा."

खोलीत ओल्या लोकरीचा वास दाटला. सेझिम निमूट उठली, दाराशी जाऊन बूट घालू लागली.

"कुठं निघालीस?"

"आई म्हणते... घालवतायत, तर जाऊ या. दोघी."

तिचा एक हात वर होता... कुणीतरी धरल्यासारखा. गुलझाननं झेप घेऊन तो खाली ओढायला पाहिलं. हात बर्फासारखा गार, आणि तसूभर हलेना.

"धरा तिला," ती मेलिसवर ओरडली. तिनं गादीपुढचा वाडगा उचलला, अर्धा चहा राखेत ओतला आणि दोन्ही हातांनी परत ठेवला.

"बसा... सासूबाई. बसा."

हात खाली आला. सेझिमनं बूट काढले आणि गुलझानसाठी दुसरा वाडगा भरून आणला. आज पहिल्यांदाच अर्धा.

"बघ," मेलिसनं सुस्कारा सोडला, "हट्ट होता नुसता. या वयात करतात पोरं."

गादीपुढचा वाडगा रिकामा झाला होता, आणि सेझिम किटली घेऊन तिकडं पुन्हा ओतायला निघाली होती.