खालची बाजू, वरची बाजू

“उद्या इतवारीहून भंगारवाला येऊन राहिला!” शेजारचा गोलू धापा टाकत गच्चीवर आला. “काका रेडिओ विकून राहिले!”

वेदिकाच्या हातातली कैरी हातातच राहिली.

सुट्टीत ती हुडकेश्वरला सुमंतकाकांकडे आली होती. या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान काकांच्या हौशी रेडिओ-सेटला. रोज सकाळी त्यावरून कोराडीच्या रुपरावांशी गप्पा चालत. पण आठवडाभर रुपरावांचा आवाज बदकासारखा येत होता. काकांनी निष्कर्ष काढला, की रुपराव टिंगल करतो. निष्कर्ष काढायला त्यांना यंत्र लागत नसे. त्यांनी मित्राचा फोनही ब्लॉक केला.

“मीच एक बटन फिरवलं होतं,” वेदिका पुटपुटली. “काका आंघोळीला गेले होते तेव्हा. ते आले आणि मी पळाले. कोणतं, तेही आठवत नाही.”

“मंग सांग ना वं काकाले!” शेजारची मिनल म्हणाली.

“पहिल्या बसनं घरी पाठवतील!”

“आधी बटन शोधू,” गोलू म्हणाला. “काकाले काही विचारलं का ते पूर्ण सांगतात. थांबतच नाहीत!”

तसंच झालं! तिघं खाली गेले, सेट चालतो कसा असं गोलूनं विचारलं, आणि काकांनी तो सुरू केला. आतून बदक बोलू लागलं.

“आवाज नेणाऱ्या लहरीला दोन बाजू असतात, वरची आणि खालची,” काका सांगू लागले. “ दोन्हींत बोलणं तेच, म्हणून एकच पाठवायची. सात मेगाहर्ट्झला खालची, चौदाला वरची! आपण सातवर बोलतो.”

“कायदा आहे?” वेदिकानं विचारलं.

“छे, प्रथा! जुन्या सेटांच्या बांधणीतून पडली म्हणतात. ते सेट गेले, प्रथा राहिली. आता कोणी विचारतही नाही.”

“आणि एकानं वरची धरली, दुसऱ्यानं खालची?”

“मग बदक ऐकू येतं,” काका म्हणाले, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

“काका, आपलं बाजू बदलायचं बटन कोणत्या बाजूले हाय?” गोलूनं विचारलं.

“खालच्या बाजूला! त्यात बघायचं काय? वर्षानुवर्षं तिथंच आहे!”

मिनलनं बघितलं. ते वरच्या बाजूला होतं.

वेदिकानं बटन फिरवलं. बदकाचे रुपराव झाले!

“...सुमंत, ऐकून राहिला का गा? तुझी बोली बिघडली, फोनही लागत नाही. मले वाटलं, तुले लकवा मारला! मी आत्ता निघून राहिलो, तुले पाहाले!”

काका खुर्ची ओढून सेटजवळ सरकले.

“शाब्बास गं पोरी!” चारुशीलाकाकू आतून धावत आल्या. काकांनी वेदिकाच्या पाठीवर थाप दिली. हलकीच होती, पण लागली.

“काका, ते बटन फिरवलंही मीच होतं,” तिनं सांगून टाकलं. “आणि आठवडाभर गप्प बसले.”

काकांनी त्या बटनावरून बोट फिरवलं.

“मी मित्रावर संशय घेतला, बटनावर नाही,” ते म्हणाले. “तू निदान बोललीस. शाब्बासकी परत घेत नाही. आणि रेडिओही विकत नाही.”

त्यांनी माइक उचलला. “रुपराव, लकवा नाही, गाढवपणा होता! माझाच. ये तू, समोरासमोर माफी मागतो.”

दुपारी फाटकाशी रुपरावांची स्कूटर थांबली. काका पुढे झाले. त्यांच्या मागे वेदिका उभी होती. माफीच्या रांगेत तिचा दुसरा नंबर होता.