लाल चौकटीचा भरवसा

वैजयंती साखर पेठेतल्या खासगी तपासाच्या कचेरीत आली ती सारखी दाराकडे बघत. मागून कुणीतरी येतंय असं तिला वाटत होतं.

"आमच्या मालकास्नी कुणीतरी मारायला बघतंय," ती राजेश्वरीबाईंना म्हणाली. "सोमवारी पाण्याच्या मोटारीची जाळी साफ करायला पाण्यात उतरले. मोबाइलवर चौकट लाल होती, म्हंजे मोटार बंद. तरी करंट बसला. केबलीचा जोड उघडा होता, पर बंद मोटारीला करंट कुटनं येणार? अजून शुद्ध न्हाय."

उजनीच्या काठावरच्या आठ शेतकऱ्यांनी मोटारींसाठी एक वेबपान करून घेतलं होतं. प्रत्येकाची एक चौकट, वर नाव, खाली बटण. चालू झाली की चौकट हिरवी. नावं घालायचं काम वैजयंतीकडे.

"त्याच सकाळी मी सगळ्यांच्या वर सिद्धेश्वराचं नाव घातलं," ती रडवेली झाली. "देवाचं नाव पहिलं पायजे की. तरी असं झालं."

राजेश्वरीबाईंचा मदतनीस अमृत मनाने भला, पण पहिल्या संशयावरच मुक्काम ठोकणारा. जीपमध्येच त्याने निकाल दिला. "शेजारचा युवराज. बांधाचं भांडण आहे. पानावरही त्याची चौकट वैजयंतीच्या नवऱ्याच्या, धोंडीरामच्या बरोबर वर."

काठावर युवराज ताठ उभा होता. "भांडण हाय, व्हय. पर त्या सकाळी मी माझंच बटण दाबलं. चौकट हिरवी झाली, पाणी काय आलं न्हाय. तेवढ्यात आरडाओरडा ऐकला. तवापासनं कुणी मोटार लावली न्हाय."

पान बनवणारा सोमेश घामाघूम झाला होता. "मॅडम, महिनाभर मी कोडला हात लावला नाही. सर्व्हरकडून नावांची एक रांग येते, मोटारींची दुसरी. पहिलं नाव पहिल्या मोटारीला, दुसरं दुसरीला, अशा चौकटी आपोआप तयार होतात. सोमवारपासून फक्त शेवटची रिकामी येते. नेटवर्क असेल."

राजेश्वरीबाईंचं लक्ष पाण्याकडे गेलं. एक शेतकरी मोबाइल बघून खिशात ठेवत होता आणि गुडघाभर पाण्यात शिरला होता. त्या एकदम ओरडल्या.

"अमृत, पळ. त्याला वर घे, विजेच्या डीपीचा फ्यूज काढायला लाव. कारण मग सांगते."

तो माणूस कुरकुरत वर आला, तेव्हा कुठे त्या बोलल्या.

"मारायला कुणीच निघालं नव्हतं. देवाचं नाव वर आलं आणि बाकीची सगळी नावं एकेक घर खाली सरकली. मोटारी मात्र जागच्या जागी. देवाला मोटार नाही हे पानाला काय कळणार? युवराजच्या नावाखाली धोंडीरामची मोटार गेली. यांनी बटण दाबलं, चालू झाली ती धोंडीरामची. धोंडीराम ज्या लाल चौकटीवर विसंबले, ती पुढच्या मोटारीची होती. शेवटच्या नावाला मोटारच उरली नाही, म्हणून ती चौकट रिकामी. सोमेश, प्रत्येक नाव त्याच्या मोटारीशी बांधून ठेवायला हवं होतंस."

कुणी मारेकरी नाही हे ऐकून वैजयंतीची भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढली.

"वहिनी," युवराज हळूच म्हणाला, "धोंडीरामला मी सांगतो. बटण माझ्याच हातनं दाबलं गेलं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. चार दिवस ती मनातून त्यालाच मारेकरी समजत होती.

"न्हाय भावजी," ती म्हणाली. "त्ये शुद्धीवर येऊ देत. मीच सांगीन."