रंग उडालेला चौकोन

विचारताय म्हणून सांगतो. आता लपवण्याचाही कंटाळा आलाय. त्या दुपारी ताईच्या पोटरीतल्या गाठीचा तुकडा काचपट्टीवर घेऊन मी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत गेलो. तीन आठवडे झोपेचं खोबरं झालं होतं.

वाईट पेशी किती खोल गेल्यात, एवढंच सर्जनबाईंना हवं होतं. फार खोल असतील तर पाय कापायचा. आमच्या यंत्रात लेसरचा ठिपका ओळीओळीनं फिरतो आणि तुकडा न कापताच आतला एकेक थर दिसतो. खालचे थर मात्र धूसर. ते स्वच्छ दिसावेत म्हणून मी नवी पद्धत बसवत होतो: लेसरचा जोर चढवायचा, एकाच जागी शंभर फेऱ्या मारायच्या. फार बघितलं की नमुन्याला लावलेला चमकणारा रंग तिथं जळतो, पडद्यावर काळा चौकोन उरतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. नमुना मेलेलाच असतो.

त्या खोलीत दिवसाही काळोख. पंख्याची घरघर, तापलेल्या धुळीचा वास. यंत्र सुरू केलं आणि ताईचा फोन आला. तिनंच मला वाढवलंय, त्यामुळे कामातही उचलतो.

"जखमेशेजारी काहीतरी फिरतंय रे... आडवं जातं, परत येतं."

"मुंगी असेल, ताई."

"एवढी शिस्तीची मुंगी?"

दोघंही हसलो. मग मी खुर्चीतच पेंगलो. यंत्र चालूच राहिलं. पुन्हा फोननंच जाग आली.

"पांढरा चौकोन पडलाय... टाचणी टोचली तरी कळत नाही."

पडद्यावर काळा चौकोन होता. मी भ्यायलो, सरळ सांगतो. शेवटचा थर अजून धूसरच होता. आणखी थोडं बघितलं असतं तर पाय कापायचा की नाही ते कळलं असतं. नाही बघितलं. लेसर बंद केला, काचपट्टी खिशात घातली आणि पाय ओढत घरी गेलो.

ताई पलंगावर बसली होती. चौकोनाच्या कडा पट्टीनं आखल्यासारख्या होत्या, हाताला गार.

"तुझ्या तुकड्यावर माझाच लेसर फिरत होता. बंद केलं सगळं," मी म्हणालो. "पाय कदाचित जाईल, ताई... मला नाही जमलं."

"पायाचं राहू दे," ती हळूच म्हणाली. "बंद केलंस... नक्की?"

तिनं माझा हात उचलून आपल्या कपाळावर ठेवला. तळव्याखाली काहीतरी आडवं सरकलं, कडेला थांबलं, आणि एक ओळ खाली उतरलं.