न वाजलेल्या बारा घंटा

खाटा बारा. उशा बारा. खिडक्या सहा, त्यांतल्या उघडणाऱ्या पाच. प्रत्येक खाटेशेजारी एक छोटी पितळी घंटा, म्हणजे घंटाही बारा. माणसं अकरा. बारावी खाट रिकामी होती, आणि तिच्यासाठीच मी खंडाळ्याच्या त्या आरोग्यगृहात आले होते.

खाट दादांना हवी होती. दादा, म्हणजे माझे वडील महिपती, तीस वर्षं घाटात गाड्यांचे रूळ बदलून देणारे रेल्वेचे सांधेवाले होते. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांची डावी बाजू गेली. आई नव्हती. मी पुण्यात बी.एस्सी. होऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते, राहायला वसतिगृहात. दादांना औंढ्याला धोंडाबाई आत्या सांभाळत होती, पण साठीच्या आत्यानं तरी त्यांना किती दिवस उचलायचं? याआधी दोन आरोग्यगृहं पाहून मी नाकारली होती. हे तिसरं. हेही पटलं नाही तर नोकरी सोडून औंढ्याला जायचं, असं मी ठरवलं होतं.

म्हणून सगळं मोजून घेत होते. बाहेर श्रावणाची सर येत होती, जात होती. न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादलीत थर्मामीटर धरून मी उभी होते, तेवढ्यात मागून कोणी विचारलं,

"पाण्याला ताप आलाय का, बाई?"

मी वळले. खांद्यावर पंचा, डोक्याला पांढरी टोपी, हातांत धुतलेल्या वाट्यांची चळत. चेहरा अगदी गंभीर... डोळे मात्र हसत होते.

"एकशे दोन," मी म्हणाले.

"अरे देवा! मग त्याला निजवायला पाहिजे."

"आंघोळीला एवढं बरोबर आहे. तुम्ही कोण?"

"हौशीराम. वराळ्याचा. हितं आजारी माणसांचं बघतो. आणि तुम्ही?"

"नंदा. मी तुमचं बघायला आलेय."

बोलून गेले आणि कानांच्या पाळ्या तापल्या. तो एवढ्या मोठ्यानं हसला की चळतीतली वरची वाटी घरंगळली. ती मी झेलली. परत देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली—ओली, साबणाच्या वासाची.

पुढचे दोन तास मी व्हरांड्यात बसून नोंदी केल्या. घंटा वाजल्यापासून माणूस किती मिनिटांत येतो, हे मला पाहायचं होतं. पण घंटा एकदाही वाजली नाही. आणि हौशीराम? तो नुसता फिरत होता. एका खाटेशी थांबून म्हणे, "आबा, ढग उतरतोय का बघा जरा." दुसरीशी, "भाऊ, माझी टोपी दिसली का कुटं?" टोपी त्याच्या डोक्यावरच! दोन तासांत नऊ वेळा त्यानं अख्ख्या दालनाची फेरी मारली.

निघताना व्यवस्थापिका रतनबाईंनी माझं मत मागितलं. मी नोंदींची स्वच्छ प्रत दिली. जेवण चांगले. पाणी योग्य तापमानाचे. घंटेची परीक्षा होऊ शकली नाही. एक शुश्रूषक विनाकारण फिरतो. शेवटचं वाक्य लिहिताना हात जरा अडखळला होता. पण निरीक्षण ते निरीक्षण, असं मी स्वतःला बजावलं.

पंधरा दिवसांनी मी न कळवता पुन्हा गेले. पाऊस विरळ झाला होता, डोंगरउतारावर सोनकी पिवळीधमक फुलली होती. दालनात पाऊल टाकलं आणि मुताचा वास नाकात शिरला. दारालगतच्या खाटेवर कोंडाजी आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांची चादर ओली होती.

हौशीराम दुसऱ्या टोकाला स्टुलावर बसला होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मला पाहताच उठून तो चादर बदलायला आला. मी दुसरं टोक धरलं.

"हे असं कसं झालं?"

"नवा नियम हाय, बाई. घंटा वाजली की उठायचं. न्हाई वाजली तर बसून राहायचं." तो थांबला. "विनाकारण फिरायचं न्हाई."

शब्द माझेच होते.

"मग आबा, तुम्ही घंटा का नाही वाजवलीत?"

कोंडाजी आबा भिंतीशीच बोलले. "घंटा देवाला वाजवत्यात, पोरी. मुतायला कुटं घंटा वाजवायची? आन् ती बी समद्यांना ऐकू जाईल अशी?"

आम्ही व्हरांड्यात आलो. हौशीराम चादर पिळत हळू आवाजात म्हणाला, "अकरांतलं एक बी माणूस घंटेला हात लावत न्हाई. म्हणून मी टोपी हरवतो. जवळ गेलो की म्हणतात, 'आलाच हायस तर भांडं दे.' मग त्यांना मागितल्यासारखं वाटत न्हाई."

"हे रतनबाईंना का नाही सांगितलंत?"

"म्हाताऱ्यांची लाज अशी चारचौघांत मांडायची? त्यापेक्षा मी रिकामटेकडा ठरलो तर काय बिघडलं..."

 मी वही उघडली. दोन तासांत नऊ फेऱ्या. म्हणजे दर तेरा मिनिटं वीस सेकंदांनी हा माणूस प्रत्येक खाटेशी पोचत होता. आकडा पंधरा दिवस माझ्याच हातात होता, आणि मी तो वाचला नव्हता.

"माझी चूक झाली, हौशीराम."

"तुम्ही बरोबरच लिहिलंत. फिरत होतोच की!"

"'विनाकारण' असं लिहिलं मी."

"तेवढं मात्र लागलं," तो चादरीकडे पाहत म्हणाला. "दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर इतकं लागलं नसतं."

मी तडक रतनबाईंच्या खोलीत गेले, माझा कागद मागून घेतला, शेवटच्या वाक्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: शुश्रूषकाची फेरी दर तेरा मिनिटे वीस सेकंदांनी. ती थांबवू नये.

रतनबाई चष्म्यावरून म्हणाल्या, "तुमच्या शास्त्रातही चुका होतात म्हणायच्या!"

"होतात. पण आम्ही त्या लपवत नाही, बाई. रेघ मारून सही करतो."

दसऱ्याला दादा बाराव्या खाटेवर आले. घंटा पाहून म्हणाले, "घंटा झाली की गाडी सुटती. मी कुटं सुटतोय हितनं?" मी दर रविवारी पुण्याहून येऊ लागले. आठवड्या-आठवड्यानं दादांच्या गालांवर मांस धरू लागलं, आणि जिभेला पूर्वीची धार आली.

"तुझं हे हौशा लय हरवतंय," एका रविवारी ते म्हणाले. "परवा इचारत हुतं, नंदाबाई कुटं दिसल्या का."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, रविवारी सापडंल."

हौशीराम पलीकडे उशी झटकत होता. झटकून झालेली उशी त्यानं पुन्हा झटकली.

परतीच्या वेळी मला स्टेशनवर पोचवायला तो येई. कार्तिकातल्या एका रविवारी धुकं रस्त्यावर आलं होतं.  अर्धा रस्ता गेला, तेव्हा तो म्हणाला,

"माझी मराठी सातवी झालीय, बाई. तुम्ही बी.एस्सी. सगळं ठाऊक हाय मला. तरी..."

"तरी काय?"

"तरी विचारल्याशिवाय राहवत न्हाई. दादांना विचारलं आधी. ते म्हणाले, मला काय इचारतोस, जिचं तिला इचार."

"मग विचारा की."

"तेच तर... शब्द जुळवून ठेवले होते रात्रंदिवस—"

"हो," मी म्हणाले.

"अहो, अजून विचारलं कुटं?"

"विचारा ना तुम्ही. सावकाश विचारा. माझं उत्तर तयार आहे."

तो रस्त्यातच थांबला. खालून घाट चढणाऱ्या मालगाडीची शिट्टी आली. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि पिशवीबरोबर हातही. मग त्यानं सावकाश विचारलं. सगळं, पहिल्या शब्दापासून.

आरोग्यगृह ते स्टेशन हे अंतर एक मैल आहे. आदल्या रविवारी ते चालायला आम्हाला बावीस मिनिटं लागली होती. त्या रविवारी एक तास चौदा मिनिटं लागली.