एकदा खोकलं म्हणजे हो

पहिल्याच दिवशी मी एका गिऱ्हाइकाला घाबरवून सोडलं, आणि त्यात माझी काही चूक नव्हती. घराच्या मागच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, मी पाठदुखीवरच्या गादीचं पाठ केलेलं कौतुक धडाधड म्हणत सुटले होते. तेवढ्यात अगदी कानाशी एक पुरुषी आवाज आला — "हळू. जरा श्वास घ्या."

मी दचकून मागे वळले. खोलीत मी, कपाट आणि दोरीवरची ओली चादर. बाकी कुणी नाही.

"कोण आहे?" मी विचारलं.

"मी... घरीच आहे की," पलीकडचे काका बिचकून म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

उलगडा नंतर झाला. आमच्या कंपनीत प्रत्येक नवख्या मुलीच्या मागे एक कोच असायचा. तो त्याच्या घरी, मी माझ्या घरी, गिऱ्हाईक आपल्या घरी. कोच सगळं ऐकायचा आणि एक बटण दाबून फक्त माझ्या कानात बोलायचा. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसायचा. मला मात्र त्याला उत्तर देता यायचं नाही, कारण माझं बोलणं दोघांनाही ऐकू जायचं. एका पुरुषाचं दिवसभर ऐकून घ्यायचं आणि उलट एक अक्षर बोलायचं नाही — माझ्यासारख्या तोंडाळ मुलीला याहून मोठी शिक्षा कुणाला सुचली नसती.

जाहिरातीत लिहिलं होतं, घरबसल्या काम, आपल्या सोयीने. सोय कुणाची, ते लिहिलं नव्हतं. एक फोन संपला की मशीन लगेच दुसरा लावून द्यायचं. पाणी प्यायला उठलं तरी स्क्रीनवर लाल पट्टी झळकायची. 'आजच शेवटचा दिवस' असं मी रोज सांगायचे. आणि गिऱ्हाईक अडलंच, तर एक हुकमी वाक्य होतं — 'माझ्या आईला हीच गादी दिली, आता ती ताठ चालते.'

आईने ते दारात उभं राहून ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्याकडे कुठे आहे ग ती गादी?"

"असं म्हणायचं असतं."

"खोट्याच्या कपाळी गोटा," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. बाबांचं वेगळंच. अनोळखी माणसांशी गप्पा मारायचा पगार मिळत असेल तर तुझी मावशी एव्हाना कोट्यधीश व्हायला हवी होती, असं ते जेवताना म्हणायचे.

मी आठवड्याभरात सोडून दिलं असतं. नाही सोडलं, त्याला कारण तो आवाज.

तसा तो फार बोलायचा नाही. पण लोक फोनवर आपल्या कमरेचा इतिहास सांगायला लागले की नमनालाच घडाभर तेल जायचं, आणि तेवढ्या वेळात तो हळूच मधे यायचा. एकदा असंच एक आजोबा मणक्यांबद्दल बोलत होते.

"तुमच्याकडे पाऊस पडतोय का? मागे आवाज येतोय," तो म्हणाला. "असेल तर एकदा खोका. नसेल तर दोनदा."

मी खिडकीकडे पाहिलं. काचेवरून धारा लागल्या होत्या. मी एकदा खोकले.

"इकडे ऊन आहे," तो म्हणाला. मग थोडं थांबून — "म्हणजे... बरीच लांब आहेस तू."

तुमचं तू कधी झालं ते मला कळलंच नाही. आजोबांनी मला खोकल्यावर एक काढा सांगितला, तो मी मन लावून ऐकला. गाल उगाच तापले होते.

मग ती सवयच झाली. जेवलीस का? खोकला. कालच्या त्या बाईंवर चिडलीस ना? खोकला. माझा कंटाळा आला का? दोन खोकले, पटकन, आणि कानात त्याचं हसू... दाबून धरलेलं, तरी गळ्यात गुदगुल्या करणारं. एका गिऱ्हाइकाने तर मला छातीचा एक्स-रे काढून घ्यायला सांगितलं.

त्याचं नाव मला माहीत नव्हतं. स्क्रीनवर नुसतं 'कोच' दिसायचं, आणि माझ्या नावाच्या जागी कंपनीने दिलेलं खोटं, गुळगुळीत नाव. आपसात नंबर दिले-घेतले तर दोघांनाही काढून टाकायचा नियम होता. शिवाय मोठे साहेब कुठल्याही क्षणी कुणाच्याही फोनवर येऊन बसायचे. ते आले की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका उगवायचा, आणि कोचचा आवाज एकदम इस्त्रीचा व्हायचा — "गिऱ्हाइकाला किंमत परत सांगा."

महिना संपत आला. शुक्रवारपर्यंत ठरलेल्या गाद्या खपल्या नाहीत तर माझं लॉगिन बंद होणार होतं. नोकरी गेली असती तर मी आनंदाने पेढे वाटले असते. पण लॉगिन बंद म्हणजे तो आवाज बंद. कायमचा. ना नाव, ना गाव, शोधायचं तरी कुठे? म्हणून मी विकत सुटले. हुकमी वाक्य तर जिभेवरच बसलं होतं.

बुधवारी मशीनने मला एक जुनंच गिऱ्हाईक परत लावून दिलं. आवाज ओळखीचा वाटला. एका दुकानातले हिशेबनीस, दिवसभर बसून पाठ धरलेले. गादी आली, ते म्हणाले, पण गोधडीएवढी पातळ आहे. परत घ्या म्हटलं तर तुमच्याकडे कुणी फोनच उचलत नाही. मी ओरडा खायला तयार होते. पण ते ओरडले नाहीत.

"ते जाऊ दे," ते म्हणाले. "तुमच्या आईंची पाठ कशी आहे आता?"

हा माणूस माझ्या थापेची मनापासून चौकशी करत होता.

"माफी माग आणि फोन ठेव," कानात कोच हळूच म्हणाला. मी तसंच केलं. पुढचा फोन लागला, पलीकडची बाई बोलायला लागली, तेव्हा तो परत आला. "ते वाक्य तुला मीच शिकवलं होतं. चिडलीस माझ्यावर?"

मी खोकले. एकदा.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला, आणि दिवसभर त्याने काही विचारलं नाही. मला त्याचाही राग आला. बोलला तरी राग, गप्प बसला तरी राग. गुरुवारीही तसंच. मी मुद्दाम हुंकारसुद्धा दिला नाही, आणि रात्री उशीत तोंड खुपसून स्वतःलाच शिव्या दिल्या. ज्याच्यासाठी थापा मारायच्या त्याच्याशीच अबोला!

शुक्रवार उजाडला. दुपारी जेवणानंतर मोजायला बसले तर एकच गादी कमी पडत होती. एकच. आणि फोन लागला एका बाईंचा.

घरी शिवणकाम करायच्या. मशीनवर वाकून वाकून पाठीचं धनुष्य झालंय, म्हणाल्या. एकट्याच राहत होत्या, बोलायला भुकेल्या. मी किंमत सांगितली, शेवटचा दिवस सांगितला. कोपऱ्यात पिवळा ठिपका उगवला. साहेब.

"तू म्हणतेस तर घेऊन टाकते बाई," त्या म्हणाल्या. "फक्त एक सांग. तुझ्या आईची पाठ दुखते का? तिला दिलीस का ही गादी?"

अगदी तेच. त्यांनी स्वतःहून माझ्या तोंडाशी आणून ठेवलं. आता नुसतं हो म्हणायचं होतं. दारात आई घड्या घातलेले कपडे हातात घेऊन उभी होती. ती जागची हलली नाही.

कानात कोचचा तो इस्त्रीचा आवाज. "हो म्हणा. माझ्या आईला हीच..." आणि वाक्य अर्ध्यावरच थांबलं. त्याचा श्वास ऐकू येत होता. पुढचं तो बोलेना.

एक हो, की सोमवारी परत तो आवाज. पाऊस पडतोय का, जेवलीस का. एक नाही, की सगळं संपलं. मला खरंच तो हवा होता, नाही कशाला म्हणू? पण त्या हिशेबनिसांचं 'तुमच्या आईंची पाठ कशी आहे' काही केल्या डोक्यातून जाईना.

"नाही," मी म्हणाले. "माझ्या आईकडे ही गादी नाही. असती तरी तिची पाठदुखी थांबली नसती. तुम्ही नका घेऊ."

स्क्रीनवर लाल अक्षरं आली — कॉल बंद करा. मी डोळे मिटले. आता कुठल्याही क्षणी...

टक् असा बारीक आवाज झाला.

"शाब्बास," कोच म्हणाला.

"हे कोण बोललं?" बाईंनी विचारलं.

माझे डोळे खाडकन उघडले. बाईंना तो ऐकू येत होता. त्याने दुसरं बटण दाबलं होतं, कोचचा आवाज सगळ्यांना खुला करणारं. हे चुकून दाबलं तरी नोकरी जाते, असा धाक नवख्या कोचना घातला जायचा.

"चुकीचं बटण दाबलंत तुम्ही," मी म्हणाले. त्याच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य, आणि तेही खेकसून.

"चुकून नाही दाबलं. ऐक, आपल्याकडे वेळ नाही. मला तू आवडतेस. महिनाभर सांगायचं होतं, पण तू उत्तर देऊ शकत नसताना सांगणं... बरं दिसलं नसतं."

"अगबाई," बाई म्हणाल्या. "हा तुझा नवरा का ग?"

"अजून नाही," तो म्हणाला.

लाल अक्षरं आता उड्या मारत होती. मला हसू आवरेना. "नाव सांगा तुमचं," मी म्हणाले.

"नाव-गाव नंतर. आधी नंबर घे."

पेन सापडेना. आईने कपडे तसेच खाली टाकले आणि कुठूनतरी पेन्सिल आणून माझ्या हातात कोंबली. तो आकडे सांगत गेला, मी टेबलाच्या लाकडावरच लिहीत गेले. "सांग, सांग, मीपण लिहून घेते," बाईंचं मधेच चाललं होतं. शेवटचे दोन आकडे राहिले होते, आणि स्क्रीन काळी झाली. कानात काहीही उरलं नाही.

मी कीबोर्डवरची सगळी बटणं दाबली, वायर काढून परत लावली. लॉगिन बंद.

"काय झालं?" आईने विचारलं.

"नोकरी गेली."

"ती जाऊ दे. तो?"

मी टेबलाकडे बोट दाखवलं. दोन आकडे कमी, म्हणजे शंभर वेगवेगळे नंबर. आणि त्याच्याकडे माझा तर एकही आकडा नव्हता. आई खुर्ची ओढून शेजारी बसली. "लाव की मग," ती म्हणाली. "महिनाभर दुसरं केलंस काय?"

मी माझा स्वतःचा मोबाईल घेतला. शून्य शून्यपासून सुरुवात केली. पहिल्याने नमस्कार म्हणायच्या आतच ठेवला. दुसऱ्याने शिवी दिली. एक आजी मला आपली नात समजून अर्धा तास सोडेनात. एका माणसाने विचारलं, काय विकताय? काहीच नाही, मी म्हणाले. मग फोन कशाला केला? एका माणसाला शोधतेय, मी म्हणाले. तो म्हणाला, मी तो नाही, पण सापडेल. असं गिऱ्हाईक मला कंपनीत एकही मिळालं नव्हतं.

"एवढ्या चिकाटीने गाद्या विकल्या असत्यास तर मॅनेजर झाली असतीस," आई म्हणाली. तिने कागदावर शून्य शून्यपासून नव्याण्णवपर्यंत आकडे मांडले होते आणि लावून झालेला आकडा ती पेन्सिलने खोडत होती.

उन्हं उतरली. सगळे नंबर संपले आणि तो नव्हता. घशाला कोरड पडली होती. काही फोन बंद होते. त्यातलाच एखादा त्याचा असेल तर? त्याने तो कायमचा बंद करून टाकला तर? मी टेबलावर डोकं ठेवलं. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट एका आकड्यावर. हा एक तू तीनदा लावलास, ती म्हणाली, आणि तिन्ही वेळा कुणाशी तरी बोलणं चालू होतं.

मी लावला. या वेळी रिंग गेली. उचलला.

"साहेब, किती वेळा तेच विचारणार?" पलीकडचा आवाज थकलेला होता. "हात-बित घसरला नाही माझा. मुद्दाम दाबलं. काढून टाकलंत ना, मग आता तरी फोन मोकळा ठेवू द्या. कदाचित... कदाचित कुणीतरी मला शोधत असेल."

तोच आवाज. हेडफोन नव्हता, मधे गिऱ्हाईक नव्हतं, तरी तसाच, कानाच्या अगदी जवळ. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आई खुर्ची न वाजवता उठली आणि जाताना दार लोटून घेतलं.

"साहेब नाही," मी म्हणाले. "मी आहे."

तो घाईघाईने काहीतरी बोलायला लागला, कसा सापडलो, किती जणांना, आणि मी त्याला मधेच अडवलं.

"तुम्ही आता गप्प बसा," मी म्हणाले. "महिनाभर तुम्हीच बोललात. आता मी बोलणार. मला तुम्ही आवडता. तुमच्या आवाजासाठी मी जगातली सगळ्यात वाईट गादी विकत होते, आणि आता तुम्ही सांगितलंत तरी ती विकणार नाही. मला तुम्हाला बघायचंय. मी येऊ, की तुम्ही येताय?"

"मी येतोय," तो म्हणाला. "पत्ता सांग. आणि या वेळी... शेवटपर्यंत सांग."

मी दाराच्या नंबरापासून पिनकोडपर्यंत सगळा पत्ता सांगितला, सावकाश, एकेक आकडा दोनदा. त्याने तो मला परत म्हणून दाखवला. मग आम्ही दोघंही बोलायचं थांबलो, आणि फोन कुणीच ठेवला नाही.